इंजिन जुन्या बोअरिंग मशीननं मरत नाही, एमरी पेपरनं मरतं

"सावधान! ५०-६० वर्षं जुन्या बोअरिंग मशीनवर इंजिन बोअर करून घेऊ नका." हा मेसेज सध्या जीपवाले, बुलेटवाले, ट्रॅक्टरवाले सगळ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. बोअर करणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा रुंद आणि पुन्हा गोल करणं. मेसेजमध्ये पाच गोष्टी सांगितल्या आहेत. इंजिनाला दोन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अचूकता लागते आणि ती सीएनसीशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनशिवाय, मिळतच नाही. बोअर केलं की ब्लॉकची, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात त्या बिडाच्या ठोकळ्याची, भिंत पातळ होते आणि सहा महिन्यांत फुटते. बोअरिंगवाले लुटतात, त्यापेक्षा ड्रिल मशीनला एमरी पेपर गुंडाळून सिलिंडर घरीच आरशासारखा चमकवा आणि पिस्टनवर नव्या रिंगा (कड्या) टाका. करायचंच असेल तर सोलापुरात करू नका, पुण्याला न्या. आणि शेवटी, बोअर केलेल्या इंजिनाला ॲव्हरेज कधीच मिळत नाही.

असले मेसेज रोज येतात, मी वाचून सोडून देतो. हा सोडला नाही, कारण मंगळवेढ्याच्या माझ्या मामांनी तो खरा मानला. त्यांची सीजे थ्रीबी जीप आहे, हरिकेन पेट्रोल इंजिनाची, घरात आजोबांच्या वेळेपासूनची. ब्लॉक सोलापूरला बोअरिंगला आणायचं ठरलं होतं. ते रद्द करून मामा हार्डवेअरच्या दुकानातून एमरी पेपर घेऊन आले. मी फोन केला तर म्हणतात, "उगं पैसे कशाला घालूलालास बे, मेसेजमध्ये सगळं दिलंय की." तो ब्लॉक एकदा खराब झाला तर दुसरा शोधायला भंगार बाजार पालथे घालावे लागतील. मेसेज लिहिणाऱ्याचं त्यात काहीच जात नाही.

आधी दोन मायक्रॉनचं बघू. जीपचंच उदाहरण घेतो, कारण तिचं मॅन्युअल खुद्द विलिज कंपनीचं आहे. सिलिंडरचा मूळ व्यास ३.१२५ इंच, म्हणजे साधारण ७९.४ मिलिमीटर. पिस्टन बरोबर बसतो का, हे तपासायची रीत त्यात सांगितली आहे. पाऊण इंच रुंद आणि तीन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड अशी फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पट्टी पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये सोडायची आणि स्प्रिंगच्या काट्यानं वर ओढायची. पाच ते दहा पौंडांच्या ओढीला पट्टी निघाली की फिट बरोबर. तीन थाउ म्हणजे ७६ मायक्रॉन. ज्यांनी इंजिन बनवलं ते पट्टी आणि काट्यावर समाधानी होते, आणि मेसेजवाला दोन मायक्रॉन मागतोय. ७९ मिलिमीटरचा बिडाचा सिलिंडर अडीच अंश तापला तरी दोन मायक्रॉननं मोठा होतो. सकाळी दहाचा ब्लॉक आणि दुपारी दोनचा ब्लॉक यांतच त्याची सगळी अचूकता वाहून गेली.

आणखी एक साधा प्रश्न. हरिकेन इंजिन आलं १९५० साली. आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन, म्हणजे सीएनसीचा पूर्वज, अमेरिकेत एमआयटी विद्यापीठानं पहिल्यांदा दाखवलं १९५२ साली. मग कारखान्यात ही इंजिनं कशावर बोअर झाली? जे इंजिन कॉम्प्युटरशिवाय जन्मलं, ते कॉम्प्युटरशिवाय दुरुस्त होत नाही, हे कुठलं शास्त्र?

ज्या मशीनला मेसेजमध्ये भंगार म्हटलंय ते कसं चालतं, हे लिहिणाऱ्यानं उभं राहून बघितलेलं नाही, हे वाक्यावाक्यात दिसतं. व्हॅन नॉर्मन किंवा क्विक-वे कंपनीचं जुनं बोअरिंग बार, म्हणजे बोअर करायचं मशीन, घ्या. ते ब्लॉकच्या वरच्या फेसवर उभं राहतं आणि शेजारच्या सिलिंडरमधून खाली आवळलं जातं. त्याआधी स्पिंडलमधून (मशीनच्या फिरत्या दांड्यातून) बोटं बाहेर येतात, सिलिंडरच्या भिंतीला टेकतात आणि स्पिंडल मधोमध आणतात. ही बोटं झिजलेल्या जागी टेकवली तर सेंटर सरकतो, म्हणून जाणता मिस्त्री सिलिंडरच्या तळाशी, जिथं रिंगा पोचत नाहीत, तिथं सेंटर घेतो. कापणारं टूल एकच असतं. ते त्या मशीनसोबत आलेल्या खास मायक्रोमीटरवर लावायचं. मग स्पिंडल फिरत फिरत सावकाश उतरतो आणि खाली बिडाचा काळा चुरा साचत जातो. पूर्ण मापाला कापत नाहीत. शेवटचे दोन-तीन थाउ होनिंगच्या, म्हणजे भिंत घासून मापाला आणणाऱ्या, दगडांसाठी ठेवतात. या सगळ्यात अचूकता येते स्पिंडलच्या बेअरिंगमधून, टूलच्या धारेतून आणि माप घेणाऱ्या हातातून. मशीनच्या पाटीवर साल कुठलं आहे त्यावरून ती ठरत नाही.

आता एमरी पेपर. माझा खरा राग इथं आहे, कारण बाकीच्या मुद्द्यांनी माणसाचा वेळ जातो, या मुद्द्यानं इंजिन जातं.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथं थांबून परत फिरते तिथं दाब सर्वांत जास्त, उष्णता सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी. म्हणून झीज तिथं जास्त आणि खाली कमी. शिवाय पिस्टन कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळं बाजूच्या भिंतींवर रेटला जातो, म्हणून सिलिंडर गोल न राहता लांबट होतो. म्हणजे जुना सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि आडवा लांबट. बोअरिंगचं टूल एका ठरलेल्या अक्षाभोवती फिरतं, म्हणून ते हा वाकडेपणा काढून टाकतं. ड्रिलला गुंडाळलेला एमरी पेपर लवचिक असतो. तो भिंत जशी आहे तशीच तिच्या मागून फिरतो. लांबट सिलिंडर लांबटच राहतो, फक्त चमकदार होतो.

त्यात नवी रिंग टाकली की काय होतं? व्यास एक थाउ वाढला की परीघ तीन थाउंपेक्षा जास्त वाढतो. समजा वरचा व्यास खालच्यापेक्षा आठ थाउ जास्त आहे. म्हणजे रिंगच्या तोंडाची फट वर गेल्यावर २५ थाउंनी उघडणार आणि खाली आल्यावर मिटणार. इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला २००० वेळा उघडायचं आणि २००० वेळा मिटायचं. वर फट मोठी असताना जळता गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भागात, घुसतो, तेल काळं पडतं, आणि नव्या रिंगा टाकूनही निळा धूर जात नाही. याहून वाईट म्हणजे सिलिंडरच्या अगदी तोंडाशी, रिंग पोचत नाही तिथं, न झिजलेल्या बिडाचा एक ओठ उरलेला असतो. जुन्या रिंगची कड झिजून त्या ओठाला जुळलेली असते. नव्या रिंगची कड चौकोनी असते, ती त्या ओठावर आदळते. वरची रिंग तुटते, कधी पिस्टनची खाचही तुटते. रिंगा बदलणारा कुठलाही जुना फिटर आधी त्या ओठावर नख फिरवून बघतो. मेसेजमध्ये ओठाचा उल्लेखच नाही.

"आरशासारखा" हा शब्द तर सरळ उलटा सल्ला आहे. होनिंगनंतर भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा दिसल्या पाहिजेत. त्या रेघांत तेल टिकतं आणि त्यांच्याच खडबडीतपणावर नव्या रिंगा घासून बसतात. आरसा केला की तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. कंपन्या होनिंगच्या दगडांचे दर्जे ठरवतात, रेघांचे कोन ठरवतात, ते उगाच नाही.

आणि ती एमरीची पूड? तिचे कण बिडापेक्षा कठीण असतात. मामा तर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) खाली न काढताच हे करणार होते. पूड खाली क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर), तेलाच्या भोकांत जाणार. पिस्टन ॲल्युमिनियमचा, मऊ. बेअरिंगही मऊ. कण त्यांत रुतून बसतात आणि इंजिन चालू असेपर्यंत क्रँक आणि सिलिंडर घासत राहतात. मेसेज म्हणतो, रॉकेलनं पुसून घ्या. रॉकेलनं तेलकटपणा जातो, रेघांत बसलेले कण जात नाहीत. मशीन शॉपमध्ये होनिंग झाल्यावरसुद्धा सिलिंडर गरम पाणी, साबण आणि ब्रशनं घासतात, पांढरं फडकं फिरवून काळं येईनासं होईपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात देतात, नाहीतर उघड्या बिडाला बघता बघता गंज चढतो. होनिंग केल्यावर इतकं धुवावं लागतं, तर एमरीनंतर काय धुवून निघणार?

भिंत पातळ होण्याचं गणित चार ओळींत संपतं. वीस थाउ ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा जास्त, हे व्यासावर असतं. एका बाजूची भिंत दहा थाउ, म्हणजे पाव मिलिमीटर, कमी होते. विलिजच्याच मॅन्युअलमध्ये ४० थाउपर्यंत बोअर करायची मुभा आहे, म्हणजे दर बाजूला अर्धा मिलिमीटर. त्यापलीकडे जाऊ नका, स्लीव्ह, म्हणजे आत बसणारी नवी नळी, टाका. कंपनीनं ओव्हरसाइज पिस्टन विकले ते ब्लॉक फोडायला नव्हे.

ॲव्हरेजबद्दल बोलायलाच नको. झिजल्या सिलिंडरपेक्षा बोअर केलेला सिलिंडर कॉम्प्रेशन जास्त देतो. नवीन रिंगा बसेपर्यंत थोडे दिवस तेल जास्त जातं, एवढंच.

पुण्याला न्या म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ साली सोलापुरात सुरू झाली आणि इथले कॅमशाफ्ट परदेशी मोटार कंपन्यांच्या इंजिनांत जातात. कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) लोब, म्हणजे उंचवटे, घासणं हे सिलिंडर बोअर करण्यापेक्षा सोपं काम नाही. सोलापूरच्या पाण्यात माप चुकतं असं काही नाही.

तरीही मेसेजमध्ये दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि त्या मान्य कराव्या लागतात. ब्लॉकवर उभं राहणारं मशीन ब्लॉकच्या फेसला सरळ मानतं. फेस वाकलेला असेल किंवा त्यावर जुन्या गॅस्केटचा तुकडा चिकटलेला असेल तर सिलिंडर क्रँकला काटकोनात येत नाही. सीएनसीवर संदर्भ थेट क्रँकच्या रेषेवरून घेता येतो, तिथं ते सरस आहे. फेस न घासता मशीन ठेवणारे, बोथट टूलनं कापणारे, पिस्टन हातात नसताना "वीस करून टाकतो" म्हणणारे लोक आहेत आणि त्यांनीच जुन्या मशीनचं नाव घालवलंय. दुसरी गोष्ट, आजच्या पुष्कळ मोटारसायकलींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये आत निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो. ते या पद्धतीनं बोअर करायचे नसतातच. तसंच अनेक ट्रॅक्टर आणि पंपाच्या इंजिनांत पाण्यात बसणारे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या सुट्या नळ्या, असतात, तिथं लायनर-पिस्टनचं किटच बदलतात. मेसेजवाल्यानं बहुधा त्या इंजिनांचा नियम उचलून बिडाच्या ब्लॉकवर लावला.

मामांना मी एवढंच सांगितलं आहे, आणि जुनं इंजिन घेऊन शॉपमध्ये जाणाऱ्या कुणालाही तेच सांगेन. आधी पिस्टन विकत घ्या, तो मिस्त्रीच्या हातात द्या, त्याच्या मापावर सिलिंडर बोअर होऊ द्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम असेल तर पिस्टन आणि ब्लॉक रात्रभर एकत्र ठेवा, कारण ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि कट घेतल्यावर ब्लॉक गरम असतो. माप सकाळी, दोन्ही थंड असताना घ्या. ब्लॉक उचलण्याआधी बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) तुमच्यासमोर फिरवायला लावा. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत एकदा, आडवं एकदा. एका सिलिंडरचे सहा आकडे कागदावर लिहून घ्या. सहाही आकडे अर्ध्या थाउच्या आत असतील तर मशीन किती सालचं आहे हे विचारायची गरज नाही. नसतील तर पैसे देण्याआधी ब्लॉक परत मशीनवर चढवायला सांगा.