नमनाला घडाभर तेल

तिकीट, म्हणजे दुरुस्तीची मागणी, आलंय: काही ग्राहकांना त्यांची जन्मतारीख एक दिवस मागची दिसते. कच्चा डेव्हलपर लगेच कोड उघडतो, जेवणाच्या सुट्टीआधी मोकळा होतो आणि दुपारी दुसरं तिकीट अंगावर ओढवून घेतो. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. आधी प्रॉडक्टिव्हिटी वाढवा.

सुरुवात एडिटरपासून, म्हणजे ज्यात कोड लिहितो त्या प्रोग्रामपासून. थीम आणि फॉन्ट यांत फार तर एक सकाळ जाते, तेव्हा ते उरकून थेट व्हिम या जुन्या एडिटरकडे वळा. १९९१ पासून लोक त्याचं कॉन्फिगरेशन लिहितायत आणि अजून कुणाचं संपलेलं नाही. व्हिमला स्टार्टअपटाइम हा पर्याय दिला की उघडताना कोणत्या फाइलने किती मिलिसेकंद खाल्ले त्याची यादी मिळते. ती घेऊन बसा. लागेल तेव्हाच लोड होईल असा एकेक प्लगिन (वरून जोडलेली सोय) लावा आणि १८० मिलिसेकंदांचे ९० करा. एडिटर दिवसातून एकदा उघडता, कामाचे दिवस वर्षाला २५० धरले, तर साडेबावीस सेकंद वाचले. खर्च दोन दिवसांचा. हा हिशेब टीम लीडसमोर मांडू नये.

मग वेळेचं नियोजन. पोमोडोरो पद्धत फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर बसवली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. मात्र टायमर विकत आणला की काम सुरू करावं लागतं, ही मोठीच गैरसोय. म्हणून स्वतःचं टायमर ॲप लिहा. त्याला डेटाबेस लागेल, लॉगिन लागेल, आणि डेटाबेस कोणता यावर सहकाऱ्यांशी चर्चा तर लागेलच.

ऑटोमेशनही विसरू नका. महिन्यातून एकदा दोन मिनिटं खाणारं काम निवडा, म्हणजे वर्षाकाठी २४ मिनिटं. त्यासाठी एक पूर्ण दिवस स्क्रिप्ट लिहा आणि आत तुमच्या होम फोल्डरचा अख्खा पाथ ठोकून द्या. स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चालणार नाही, पण मदतीसाठी माणसं तुमच्याकडेच येतील. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्याच्या कमांडना एकेका अक्षराचे अलायस (टोपणनावं) मात्र जरूर करा. सर्व्हरवर लॉगिन केल्यावर मूळ कमांड आठवत नाही, ही अनुभवी माणसाची खूण.

एवढं झालं की आता कोडकडे बघायला हरकत नाही. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रामला मध्येच थांबवणारी खूण, लावू नका. त्यावर व्हेरिएबलमधली किंमत सरळ डोळ्यांसमोर येते आणि मजा जाते. ‘इथे आलो’, ‘इथेपण आलो’ असं छापत जा. सर्व्हरकडचा भाग पायथनमध्ये असेल तर आउटपुट फाइलमध्ये वळवा. मग ते बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठत जातं आणि प्रोसेस मध्येच मारली गेली की शेवटच्या ओळी फाइलपर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही जिथे गडबड नाही तिथे निवांत शोधत बसता.

बिघाड कोणत्या बदलाने आला ते शोधणाऱ्या गिट बायसेक्टपासून तर लांबच राहा. हजार कमिटमधला (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांमधला) दोषी कमिट ते सुमारे दहा तपासण्यांत पकडून देतं. दरवेळी उरलेल्यांतले निम्मे बाद, दुसरं काही नाही. त्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा लागतो: आठवड्याचं सगळं काम एकाच कमिटमध्ये कोंबा आणि मेसेज लिहा ‘फिक्स’. बायसेक्टने तो कमिट शोधला तरी हाती साठेक फाइली येतील.

एवढं करूनही मूळ सापडलंच, तर ते असं असेल. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख, म्हणजे ‘२०२४-०३-०१’ अशी स्ट्रिंग, डेट ऑब्जेक्टला दिली की ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरली जाते. दाखवताना मात्र ग्राहकाची स्थानिक वेळ वापरली जाते. ग्रीनविचच्या पश्चिमेला तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ किंवा रात्र असते, म्हणून २९ फेब्रुवारी दिसते. पूर्वेकडे सगळं ठीक. जन्मतारखेला वेळच नसते, तेव्हा डेट ऑब्जेक्ट न करता ती स्ट्रिंग म्हणूनच ठेवावी, हा खरा उपाय. तो तीन ओळींत बसतो, म्हणून आपल्या कामाचा नाही.

आपण एक दिवस मिळवायचा. पश्चिमेकडचे खूश होतील आणि पूर्वेकडून तक्रारी येतील. मग अट घाला: गेट-टाइमझोन-ऑफसेट (स्थानिक वेळ आणि यूटीसी यांतला फरक मिनिटांत देणारं फंक्शन) शून्यापेक्षा मोठा असेल तरच दिवस वाढवा. पहिल्या खेपेला ही अट हमखास उलटी लिहिली जाते, कारण यूटीसीच्या पाच तास मागे असलेल्या ठिकाणी हे फंक्शन उणे नव्हे, अधिक ३०० देतं. चिन्ह बदला आणि टेस्ट चालवा. टेस्ट आपोआप चालवणारं सीआयचं मशीन बहुधा यूटीसीवर असतं, तिथे ऑफसेट शून्य, म्हणजे तुमची ओळ चालतच नाही. सगळं हिरवंगार! टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तीच टेस्ट पश्चिमेच्या वेळेत चालवता येते, हे कुणाला आठवू देऊ नका.

आणि ऑफसेट त्या तारखेचा न घेता आजचा घ्या. अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर हिवाळ्यात घड्याळ यूटीसीच्या एक तास मागे आणि उन्हाळ्यात बरोबर यूटीसीवर असतं. त्यामुळे तिथे उन्हाळ्यात ॲप उघडणाऱ्याला जानेवारीतली जन्मतारीख एक दिवस मागे दिसेल, आणि हिवाळ्यात उघडणाऱ्याला जुलैमधली एक दिवस पुढे. बग मोसमी झाला, म्हणजे पुन्हा करून दाखवा म्हणणाऱ्याला सहा महिने थांबवता येतं.

राहता राहिला कोड रिव्ह्यू, म्हणजे सहकाऱ्याने केलेली तपासणी. पाठवण्याआधी पूर्ण प्रोजेक्टवर फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन, फिरवा. तुमच्या दोन ओळी चार हजार ओळींच्या इंडेंटेशनमध्ये गडप होतात आणि रिव्ह्यू करणारा दहाव्या फाइलनंतर ‘छान’ लिहून मोकळा होतो. एखादा बिलंदर गिट डिफला डब्ल्यू हा पर्याय देऊन नुसत्या मोकळ्या जागांचे बदल गाळून टाकतो. त्याच्यासाठी फॉर्मॅटरमध्ये एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी करायला सांगून ठेवा. ती त्या पर्यायाला गाळता येत नाहीत.