वास गेला, राप राहिला

बाहुल्या जमवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: "बाहुलीला सिगारेटचा किंवा घरातला कुठलाही वास लागला तर घाबरू नका. मुळात काचेच्या कपाटात किंवा मूळ खोक्यात असलेल्या बाहुलीला धूर लागतच नाही. उघड्यावरच्या बाहुलीला लागलाच, तर तिला खायच्या सोड्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ४८ तास बंद करा. मग दोन दिवस कडक उन्हात ठेवा. पुढे वास येऊ नये म्हणून कपाटात डांबरगोळी टाका. वास गेला की बाहुली नव्यासारखी."

सल्ला सोपा आहे, फुकटात होणारा आहे आणि इतक्या ठाम सुरात लिहिला आहे की पहिल्यांदा वाचला तेव्हा मीही मान डोलावली. नुसती डोलावली नाही, जुन्या बाजारातून आणलेल्या एका व्हिनाइलच्या बाहुलीवर सगळं करूनही पाहिलं. तिचं काय झालं ते पुढे येईलच. आधी एकेक दावा घेऊ.

"काचेच्या कपाटात धूर लागत नाही." सिगारेटच्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. कपाटाच्या दारात एक मिलिमीटरची फट धरली, तरी ती त्या कणापेक्षा हजारपट रुंद झाली. शिवाय धूर म्हणजे नुसते कण नाहीत. त्यातलं निकोटीन आणि इतर कितीतरी द्रव्यं वायुरूपात असतात, हवा जाईल तिथे जातात. आणि हवा कपाटात जातेच, कारण कपाट श्वास घेतं. दुपारी खोली तापली की आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. यासाठी दार उघडावं लागत नाही. संग्रहालयांतल्या पेट्यांना कडेने पट्ट्या लावून फटी बुजवलेल्या असतात, तरी त्यांच्याबद्दलही 'हवा अजिबात बदलत नाही' असं कोणी म्हणत नाही. दिवसाकाठी आतल्या हवेचा एक दशांश भाग बदलला तर ती पेटी चांगली समजतात. घरातलं सरकत्या काचांचं कपाट या हिशेबात कुठे बसतं, ते दोन काचांच्या मधल्या फटीत पोस्टकार्ड सरकवून पाहावं.

कपाट कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. धूळ आणि बरेचसे कण ते अडवतं, हे थोडं नाही. पण आत शिरलेला वायू तिथेच कोंडून राहतो. त्यात घरातल्या पुष्कळ कपाटांचे फळे प्लायवुडचे किंवा एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुगा डिंकाने दाबून केलेल्या पाट्यांचे, असतात. त्यांतून फॉर्माल्डिहाइड आणि सेंद्रिय आम्लांची वाफ हळूहळू सुटत राहते. 'कपाट उघडलं की एक कोंदट वास येतो' अशी तक्रार असेल, तर पुष्कळदा त्यात सिगारेटचा हात नसतो, कपाट स्वतःच वास सोडत असतं. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली नेमकी यासाठीच एक चाचणी मांडली. चांदी, शिसं आणि तांब्याचे तुकडे, पेटी ज्याची करायची त्या सामानाच्या तुकड्याबरोबर दमट हवेच्या बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे आणि धातू काळवंडतो का ते पाहायचं. घरी हे कोणी करणार नाही, करूही नये. पण कपाट म्हणजे तटस्थ पेटी नव्हे, एवढं लक्षात ठेवायला ही चाचणी पुरेशी आहे.

मूळ खोक्याबद्दलचा समज तर याहून घट्ट. खोकं उघडलेलं नाही म्हणजे आतली बाहुली जणू कारखान्यातल्याच हवेत आहे, असं लोक धरून चालतात. खोकं असतं पुठ्ठ्याचं. पुठ्ठा म्हणजे दाबलेले तंतू, आणि वास धरून ठेवण्यात तंतूंचा हात कोणी धरणार नाही. अनेक खोक्यांच्या खिडकीला एक बाजू मोकळी असते किंवा झाकणाला बोटभर फट असते. वर्षानुवर्षं धूम्रपानाच्या खोलीत राहिलेलं खोकं दोन कामं करतं: बाहेरचा वास आत पोचवतं, आणि बाहुली दुसऱ्या घरी गेल्यावरही तो तिला पुरवत राहतं. मला एकदा अशी न उघडलेली बाहुली मिळाली होती. वास घेऊन डोकं उठायचं. शेवटी मन घट्ट करून खोकं उघडलं आणि बाहुली, कपडे, खोकं अशा तीन गोष्टी झाकणाच्या तीन स्वच्छ डब्यांत एक रात्र ठेवल्या. सकाळी एकेक झाकण उघडून हुंगलं. बाहुलीला जेमतेम वास, फ्रॉकला थोडा, आणि खोक्याचा डबा उघडताच मान मागे. हा प्रयोग फुकट आहे आणि सोड्याच्या आधी करण्यासारखा आहे, कारण वास कुठे आहे हे कळल्याशिवाय उपाय कशावर करायचा?

याच मजकुराच्या एका आवृत्तीत 'सिगारेट दुसऱ्या खोलीत ओढली तर प्रश्नच नाही' अशी भर आहे. यावर फार शब्द खर्च करायला नकोत. निकोटीन पडद्यांत, भिंतींच्या रंगात, गाद्यांत मुरतं आणि तिथून महिनोन्महिने परत हवेत येत राहतं. हवा शुद्ध करणारं यंत्र लावलंय म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडते, वायू मात्र तिच्यातून आरपार जातो. त्याला कोळशाचा जाड थर लागतो.

आता सोडा. या दाव्यावर सगळ्यांचा सगळ्यात जास्त विश्वास, म्हणून इथे जरा थांबतो.

खायचा सोडा आम्लाशी भिडतो. आंबूस वास, घामट कपड्यातला वास, व्हिनेगरसारखा वास यांवर तो थोडाफार चालतो, कारण त्या वासांमागे आम्लं असतात. शिळ्या सिगारेटच्या वासामागची मंडळी वेगळी. निकोटीन स्वतः अल्कली गुणाचं, त्याच्या कुळातली पिरिडीन वर्गातली द्रव्यंही तशीच. सोडाही सौम्य अल्कलीच. दोघे एकाच पक्षाचे, भांडणार कशाला? सोड्याची पूड थोडाबहुत वास पृष्ठभागावर धरते, पण त्या कामात कोळसा तिला कितीतरी मागे टाकतो. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये बारीक छिद्रांचा मिळून हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो.

बरं, वास जात नाही तर नाही, निदान अपाय तरी होऊ नये. माझ्या बाहुलीला मिटणारे डोळे होते. सोड्याच्या पिशवीतून बाहेर काढून आडवी केली तर डोळे अर्ध्यावर अडकले आणि करकर आवाज झाला. मानेच्या खाचेत, काखेत, केसांच्या मुळांशी पांढरी पूड बसली होती. कोरड्या कुंचल्याने ती निघेना, कारण त्वचेवर आधीच धुराचा चिकट थर होता आणि पूड त्यातच रुतली होती. तिथे पाणी लावलं की सोड्याचं अल्कली द्रावण होतं. व्हिनाइलला त्याचं फारसं काही नाही, पण मोहेरचा (अंगोरा शेळीच्या केसांचा) टोप, रेशमी फ्रॉक, लोकरीची टोपी यांना अल्कली मानवत नाही. आणि लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याची जुनी बाहुली असेल तर पाण्याचा हात लावणंच धोक्याचं, तिचा रंग फुगून पोपडे सुटतात.

सोड्याहून वाईट आहे ती पिशवी. इथे बाहुली कशाची आहे हे विचारल्याशिवाय बोलताच येत नाही, आणि फिरणारा मजकूर नेमकं तेवढंच विचारत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ बाहुल्या सेल्युलॉइडच्या आहेत, नंतरच्या काही टणक बाहुल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या. सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, कारण ते मऊ करायला कापूरच घातलेला असतो. ॲसिटेट कुजायला लागलं की व्हिनेगरचा वास येतो. म्हणजे ज्याला आपण 'घरातला वास' म्हणतो, तो कधी कधी बाहुलीच्या स्वतःच्या आजाराचा वास असतो. अशा बाहुलीतून सुटणारी आम्लाची वाफ तिलाच आणखी कुजवते. तिला पिशवीत कोंडणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. तिला हवा हवी, आणि इतर बाहुल्यांपासून अंतर हवं. सेल्युलॉइड तर क्षणात पेट घेतं. तेव्हा जळती सिगारेट त्याच्या आसपास येताच कामा नये, हे वासाच्या आधीचं कारण.

व्हिनाइलचं निराळं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. हे द्रव्य जागच्या जागी राहत नाही, हळूहळू वर येतं. जुन्या बाहुल्यांचे पाय चिकट होतात ते यामुळेच. १९५९ साली बार्बी बाजारात आली. सुरुवातीच्या बार्बी जमवणाऱ्या कोणालाही हिरवे कान माहीत असतात. कानातल्याच्या धातूतलं तांबं व्हिनाइलमध्ये उतरतं आणि हिरवा डाग कानावरून गालाकडे पसरत जातो. पुसून जात नाही, कारण तो वर नाहीच, आत आहे. जिथे धातूचा डाग असा प्रवास करतो, तिथे वासाची द्रव्यं आत मुरत नसतील असं कसं म्हणावं? चिकट पृष्ठभागावर काजळीचे कण बसतात, वायू तेलकट द्रव्यात विरघळून आत जातो. आत जायला त्याला वर्षं लागली असतील, तर बाहेर यायला ४८ तास कसे पुरतील?

"दोन दिवस कडक उन्हात ठेवा." नको. अतिनील किरणांनी फ्रॉकचा रंग उडतो, पॉलियुरेथेन रेझिनच्या बाहुल्या पिवळ्या पडतात, आणि उष्णतेने प्लॅस्टिसायझर आणखी वेगाने वर येतो. उन्हात वास कमी झाल्यासारखा वाटतो, तो वाऱ्यामुळे. मग वारा सावलीतही असतो. याच्याच पुढची पायरी म्हणून काही जण ओझोन सोडणारं यंत्र सुचवतात. ओझोनने रबराला चिरा जातात, हे रबराच्या धंद्यात जुनं आहे. ज्या बाहुल्यांचे हातपाय आतल्या इलॅस्टिकवर ताणलेले असतात, त्यांचा अवयव एके दिवशी हातात येतो. फुफ्फुसांनाही ओझोन वाईटच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं म्हणणं असं की आरोग्याला झेपेल इतक्या प्रमाणात सोडला तर तो घरातली प्रदूषकं फारशी हटवत नाही. मग यंत्र कशाला?

डांबरगोळी टाकू नये. काही डांबरगोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीन या रसायनाच्या असतात, तशा गोळीची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते, बटणं विरघळल्याची उदाहरणं आहेत, आणि तिचा स्वतःचा वास सिगारेटपेक्षा चिवट. कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकतात त्या सुगंधी कागदांवर मेणचट लेप असतो, तो बाहुलीवर उतरतो. अत्तर, फवारे, सगळं याच माळेचं: एका वासावर दुसरा वास.

राहिला शेवटचा दावा, आणि माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे. "वास गेला की बाहुली नव्यासारखी."

माझ्या बाहुलीचा वास खरंच गेला होता. पिशवी आणि ऊन झाल्यावर चार जणांना हुंगायला दिली, चौघे म्हणाले काही येत नाही. आनंदाने कपाटात ठेवली. दीड महिन्याने उकाड्याचे दिवस आले आणि एका दुपारी कपाट उघडलं, तर तोच दर्प. गारव्यात दबून राहिलेला, उष्म्याने बाहेर आलेला. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. पांढऱ्या लेसची कॉलर उलटली: वरची बाजू साईसारखी पिवळट, घडीच्या आत शुभ्र. बूट काढले तर तळपाय पोटरीपेक्षा फिका. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून त्यात कापसाचा बोळा बुडवला, पिळला आणि केस वर धरून मानेमागून एकदाच फिरवला. बोळा तपकिरी झाला. दुसरा, तिसरा, सातवा. निकोटीन मुळात रंगहीन असतं, हवा लागली की तपकिरी होतं. तो थर, ज्याला आपल्याकडे राप हा नेमका शब्द आहे, नाकाला कळेनासा झाला होता इतकंच. होता तिथेच.

तो तसाच राहू देणंही बरं नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून नायट्रोसामाइन वर्गातली कर्करोगकारक द्रव्यं तयार करतं. म्हणून रापलेली बाहुली पुसताना हातमोजे घालावेत, आणि लहान मुलाच्या हातात ती देऊ नये.

मग मी केलं काय? कपडे उतरवून वेगळे धुतले. अंग पिळलेल्या बोळ्याने पुसलं, चेहऱ्याच्या रंगापासून आणि डोळ्यांच्या खाचेपासून लांब राहून, कारण आतल्या यंत्रणेला गंज चढतो. ॲसिटोन किंवा स्पिरिटला हात लावला नाही, ओठांचा रंग आधी तोच जातो. मग सावलीत, हवा खेळत्या खोलीत, पातळ सुती कापड पांघरून तीन आठवडे उघडी ठेवली. त्यानंतर झाकणाच्या मोठ्या डब्यात, तळाशी जाळीखाली सक्रिय कोळसा आणि वर बाहुली, कोळशाचा स्पर्श होऊ न देता. कोळसा वास ओढून काढत नाही. बाहुलीने सोडलेला तेवढा धरतो, म्हणजे तो परत तिच्यात मुरत नाही. हे चालेल तितकं सावकाश चालतं. व्हिनाइल फार काळ कोंडून ठेवायचं नाही म्हणून दर रविवारी झाकण उघडतो आणि महिन्याला कोळसा बदलतो.

पाच महिने झाले. कॉलर बरीचशी पांढरी झाली, पूर्ण नाही. मानेचा रंग एकसारखा आला. डोळे अजून मिटताना किंचित अडखळतात, ती सोड्याची कृपा. गेल्या रविवारी झाकण काढल्यावर वास आला नाही, पण त्या दिवशी हवा गार होती, म्हणून तो दिवस मी हिशेबात धरलेला नाही.