वाइन आणि ताटाची डावी बाजू

कोल्हापूरच्या माणसाला कुस्ती कळते आणि रत्नागिरीच्या माणसाला आंबा कळतो, असे जग जसे गृहीत धरते, तसेच नाशिकच्या माणसाला वाइन कळते असेही हल्ली गृहीत धरले जाते. वास्तविक माझा द्राक्षांशी संबंध एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्या गप्पा ऐकण्यापुरता, आणि अवकाळी पाऊस आला की बागाईतदार मित्रांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसण्यापुरता होता. खाण्याची द्राक्षे वेगळी आणि वाइनची लहान, जाड सालीची, बिया असलेली द्राक्षे वेगळी, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले आणि तेही पुण्याच्या मेहुण्याकडून.

या मेहुण्याने कुठेतरी दोन दिवसांचा वाइनचा वर्ग केला आणि तेव्हापासून आमच्या शनिवारच्या जेवणाची रया गेली. ‘‘दाजी, आज जेवायला काय?’’ हा प्रश्न तो पूर्वी भुकेपोटी विचारत असे. आता तो परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकाच्या स्वरात विचारतो आणि उत्तर ऐकून पिशवीतली बाटली बाहेर काढावी की आत ठेवावी याचा विचार करतो. रेड वाइन थंड करायची नसते, ती खोलीच्या तापमानाला प्यायची असते, हा त्याने आम्हाला दिलेला पहिला धडा. तो आम्ही मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना आणि वीज गेलेली असताना, निष्ठेने पाळला. पेल्यातला पदार्थ सर्दीवर घ्यायच्या काढ्यासारखा लागला. ती ‘खोली’ युरोपातल्या दगडी घरातली, सोळा ते अठरा अंशांची असते, हे पुढे त्यानेच शोधून काढले. पण चूक माझ्या खोलीची आहे, हा त्याचा सूर मात्र बदलला नाही. तेव्हापासून रेडची बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये, विरजणाच्या भांड्याशेजारी, अंग चोरून उभी असते.

माशांबरोबर रेड नको, हे त्याचे म्हणणे न ऐकता मी एकदा तळलेल्या सुरमईबरोबर शिराझ घेतली आणि गंजलेली किल्ली तोंडात धरल्याचा अनुभव घेतला. वाइनमधले लोह आणि माशातले तेल एकत्र आले की असे होते म्हणे. काळ्या मसाल्याच्या मटणाने तर कहरच केला. तिखटावर साडेतेरा टक्के मद्यार्काचा घोट गेला की आग विझत नाही, उलट तिला वारा मिळतो. त्या रात्री मेहुण्याने साक्षात काबर्ने सोव्हिन्यों ही रेड वाइन बाजूला सारून ताकाची तीन भांडी रिचवली, आणि ताकाचा ‘शेवट’, म्हणजे घोट गिळल्यावर मागे उरणारी चव, किती रेंगाळतो यावर चकार शब्द काढला नाही.

पण खरा घोळ तिखटाचा नाही, ताटाचा आहे. ज्यांनी हे जोड्या लावण्याचे शास्त्र रचले, त्यांच्या जेवणात पदार्थ एकामागून एक, रांगेने येतात. त्यामुळे प्रत्येकाला आपापली वाइन भेटू शकते. आमच्या ताटात सगळी मंडळी एकदम पंगतीला बसलेली असतात. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, लसणाची चटणी, कैरीचे लोणचे आणि कोशिंबीर. उजवीकडे भरली वांगी, बटाट्याची भाजी, आमटीची वाटी. आणि सणवार असेल तर मध्ये पुरणपोळी. आंबट पदार्थाबरोबर वाइन त्याहून आंबट हवी, नाही तर ती पाणचट लागते. गोड पदार्थाबरोबर त्याहून गोड हवी, नाही तर ती आंबट लागते. आणि तिखटाला कमी मद्यार्काची, किंचित गोडसर हवी. या हिशेबाने आमच्या घरी एका माणसाच्या एका जेवणाला किमान तीन बाटल्या उघडाव्या लागतील. मी हे गणित मांडले तेव्हा पत्नी म्हणाली, ‘‘त्यापेक्षा लोणचं वाढत नाही.’’ हा पर्याय आम्हा दोघांनाही ऐकवला नाही.

शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनवर मात्र माझा राग नाही. थोडी गोडसर, चांगली थंड केलेली शेनिन ब्लां तर्रीदार मिसळीसमोरही तग धरून राहिली, आणि कोथिंबीर वडीबरोबर तर ती माहेरी आल्यासारखी वागली.

सर्वांत उत्तम जोडी मात्र आम्हाला अपघाताने सापडली, निदान कागदावर सापडली. खारट, तळलेल्या, कुरकुरीत पदार्थाबरोबर बुडबुड्यांची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग वाइन घ्यावी, कारण तिचा आंबटपणा आणि फेस जिभेवरचे तेल धुऊन काढतात, असे मेहुणा सांगत होता आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून साबुदाणा वड्यांचा घाणा बाहेर आला. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. अडचण एवढीच होती, की आमच्याकडे साबुदाणा वडे उपवासालाच होतात आणि तो शनिवार एकादशीचा होता.

‘‘काकू, द्राक्षं उपवासाला चालतातच की,’’ मेहुण्याने बाजू मांडली.

‘‘द्राक्षं चालतात. आंबवलेलं चालत नाही. इडली चालते का?’’ आईने विचारले.

‘‘मग वड्याबरोबर हे दही?’’

‘‘दही विरजलेलं असतं,’’ आई म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात दोन वडे वाढले.

दुसऱ्या दिवशी द्वादशीला बाटलीचे बूच उडाले. ताटात वरण-भात होता आणि डाव्या बाजूला लिंबू.