पिंगळा आणि ३१ मार्च

३१ मार्चला सकाळी साडेआठ वाजता माझ्या स्कूटरच्या सीटवर घुबड बसलं होतं. मी साहेबांना फोन करून हे असंच्या असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मागच्या मार्चला तुमची पाठ धरली होती, नाही का?"

घुबड म्हणजे पिंगळ्याचं पिल्लू. जेमतेम मूठभर. जुनी गादी उसवल्यावर कापूस निघतो तसं विस्कटलेलं. त्यात दोन पिवळेजर्द डोळे आणि वर पांढऱ्या भुवया. चेहरा थेट आमच्या ऑडिटरचा. मी एक पाऊल पुढे टाकलं की ते मान खालीवर, डावीउजवीकडे झुलवून माझं माप काढायचं आणि चोच वाजवायचं. टक. टक. व्हाउचर सापडलं नाही की ऑडिटर पेन वाजवतात, अगदी तसं.

पाच मिनिटांत पार्किंगमध्ये सगळी सोसायटी. आमच्या वार्षिक सभेला आजवर कधी गणपूर्ती झालेली नाही, ती तिथं झाली. तळमजल्यावरच्या आजींनी "अपशकुनी मेलं!" म्हणून दार लावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, लक्ष्मीचं वाहन आहे ते." दार उघडलं, आणि लक्ष्मीने एवढं पार्किंग सोडून ह्याचीच स्कूटर का निवडली, अशा नजरेने आजी माझ्याकडे बघू लागल्या. कुणीतरी दूध-पोळी कुस्करून आणली. (आपल्याकडे खार पडो नाहीतर गरुड, पहिल्यांदा त्याला दूध-पोळीच दाखवतात.) एका पोराला ते पाळायचं होतं. काकांनी त्याला १९७२चा वन्यजीव कायदा ऐकवला आणि तो रडायला लागला.

शेवटी मी १९२६ला फोन लावला. वनखात्याची हेल्पलाइन. वाटलं होतं, आता जीप येईल, जाळी येईल, पिंजरा येईल. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "रक्त आलंय? पंख लोंबतोय? जवळ झाड आहे?" झाड होतं. भिंतीलगतचा म्हातारा गुलमोहर, त्यात ढोली. "मग त्या झाडावर उंच ठेवा आणि सगळे तिथनं जा. आईबाप जवळच असतील. तुम्ही उभे आहात म्हणून येत नाहीत."

ज्याची स्कूटर त्याचं घुबड, या न्यायाने शिडीवर मी. खाली शिडी धरून वॉचमन काका, "साहेब, पडाल हां" असा धीर देत. पिल्लावर पंचा टाकून उचललं, तर त्याने पंच्यातून आरपार नख्या घालून माझा अंगठा असा धरला, जणू सातबारा त्याच्याच नावावर. तळहातात मात्र त्याचं काळीज थरथरत होतं. इतकं भरभर, की ठोके वेगळे लागेनात. एकदाचं बेचक्यात ठेवलं. ते माझ्याकडे पाठ करून बसलं आणि मग नुसती मान पार मागे फिरवून बघत राहिलं. घुबडाला डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत, म्हणून मान फिरवावी लागते, थेट २७० अंशांपर्यंत. त्यासाठी त्याच्या मानेत १४ मणके. माझ्या मानेत ७, त्यातले दोन डॉक्टरांच्या ताब्यात. शिडीची पायरी चाचपायला वाकलो आणि तिथंच मान धरली.

साडेअकराला ऑफिसात पोचलो. अंगठ्याला चिंधी, मान वाकडी. साहेबांनी चष्मा काढला. "या वर्षी मान का? बरं." चारला त्यांनीच घरी पाठवलं. मला प्रत्येक बेरीज तिरक्या नजरेने करताना बघवेना म्हणाले.

संध्याकाळी पार्किंगचा दिवा बंद ठेवायला सेक्रेटरी तयार झाले. मी आणि बायको अंधाऱ्या गॅलरीत डास मारत बसलो. तेही आवाज न करता मारायचे. सात वाजले, सव्वासात झाले. बेचक्यातला कापूस हलेना. मला वनखात्यातल्या माणसाची शंका यायला लागली. इतक्यात भिंतीपलीकडून चिरर्र-चिवक, चिरर्र-चिवक सुरू झालं आणि एक सावली येऊन पिल्लाशेजारी बसली. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात तिच्या चोचीत दोन लांब मिशा हलताना दिसल्या.

"अहो, झुरळ!" बायको माझा दुखरा खांदा गदगदा हलवत म्हणाली. "झुरळ आणलं हो!"

ओट्याखालच्या झुरळासाठी मला अर्ध्या आंघोळीतून बाहेर काढणारी ही बाई डोळे पुसत होती.