‘विजेच्या सुईने स्वादुपिंडाचा कॅन्सर बरा होतो’ या दाव्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: स्वादुपिंडाच्या ज्या कॅन्सरवर ऑपरेशन होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, तो ‘नॅनोनाइफ’ नावाच्या विजेच्या सुईने, केमोशिवाय आणि पोट न उघडता, बरा होतो; ही सुई फक्त कॅन्सरच्या पेशी मारते; अमेरिकेने तिला मान्यता दिली आहे; तिच्यामुळे आयुष्य दुप्पट होते; आणि इकडचे डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत, म्हणून जमीन विकावी लागली तरी मोठ्या शहरात जाऊन ती ताबडतोब करून घ्यावी. मजकुराखाली कोणाचेही नाव नाही. त्यात सांगितलेला उपचार मात्र खरा आहे, आणि त्यामुळेच त्याला उत्तर देणे एखाद्या काढ्याच्या जाहिरातीला उत्तर देण्यापेक्षा अवघड जाते.

सुरुवात ‘ऑपरेशन होणार नाही’ या शब्दांपासूनच करावी लागेल, कारण त्यांत दोन वेगळ्या अवस्था एकत्र झाल्या आहेत. एका अवस्थेत गाठ स्वादुपिंडातच असते, पण तिने आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिणीला किंवा यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला असे वेढलेले असते की सर्जनला ती सुरक्षितपणे सोडवून काढता येत नाही. ही तिसरी स्टेज. दुसऱ्या अवस्थेत रोग यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर पोचलेला असतो. ही चौथी स्टेज, आणि निदान होताना सुमारे निम्मे रुग्ण याच अवस्थेत असतात. विजेच्या सुईचा विचार फक्त पहिल्या अवस्थेत होतो. रोग पसरल्यावर मूळ गाठ जाळून किंवा फोडून आयुष्य वाढते असा पुरावा नाही. म्हणजे हा मजकूर ज्या घरांत आशेने वाचला जातो, त्यांपैकी किमान निम्म्या घरांना तो मुळात लागूच होत नाही.

‘फक्त कॅन्सरच्या पेशी मारते’ हे विधान अर्धवट समजुतीतून आलेले दिसते. या पद्धतीचे शास्त्रीय नाव इरिव्हर्सिबल इलेक्ट्रोपोरेशन. गाठीच्या भोवती अनेक सुया बसवल्या जातात आणि त्यांच्या जोड्यांमधून 3,000 व्होल्टपर्यंतचे, सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके छोटे झटके दिले जातात. प्रत्येक जोडीमागे साधारण 90. त्यामुळे पेशींच्या आवरणाला अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, ती पुन्हा बुजत नाहीत आणि पेशी मरतात. विजेला कॅन्सरची पेशी आणि निरोगी पेशी यांतला फरक कळत नाही. सुयांच्या मधल्या भागात जी पेशी सापडेल ती मरते. या पद्धतीचा खरा फायदा दुसराच आहे. रेडिओफ्रीक्वेन्सीसारख्या पद्धतींत उष्णतेने सगळेच शिजते, तर इथे रक्तवाहिन्यांचा आणि नलिकांचा तंतुमय सांगाडा बऱ्याच अंशी टिकून राहतो, आणि म्हणून जिथे चाकू किंवा उष्णता नेणे धोक्याचे, तिथे ही सुई नेता येते. ‘बऱ्याच अंशी’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. सुईलगत थोडी उष्णता निर्माण होतेच, आणि शिरेत गुठळी होणे, रक्तस्राव, स्वादुपिंडाला सूज येणे, लहान आतड्याला छिद्र पडणे, पित्तमार्गात जंतुसंसर्ग होणे हे सगळे प्रकार या उपचारानंतर नोंदले गेले आहेत. नेदरलँड्समधील ‘पॅनफायर-2’ या अभ्यासात, जो 2020 साली प्रसिद्ध झाला, 50 पैकी 29 जणांना लहान किंवा मोठी गुंतागुंत झाली. ज्या उपचारात निम्म्याहून अधिक जणांना काही ना काही त्रास होतो, त्याला ‘साधी सुई’ म्हणणे योग्य नाही.

पोट न उघडता ती करता येते, हे खरे आहे. सीटी स्कॅनच्या आधाराने त्वचेतून सुया घालतात. तरीही पूर्ण भूल लागते, झटक्यांनी शरीर आचके देऊ नये म्हणून स्नायू पूर्ण शिथिल करणारे औषध द्यावे लागते, आणि प्रत्येक झटका हृदयाच्या ठोक्याशी जुळवून सोडावा लागतो. हृदयाची लय बिघडलेली असणाऱ्यांना किंवा पेसमेकर बसवलेल्यांना बहुधा नकारच मिळतो. शिवाय मजकुरात जो ‘दुप्पट आयुष्या’चा आकडा आहे, तो ज्या अभ्यासातून आलेला दिसतो, त्यात बहुतेकांचे पोट उघडूनच हे काम केले होते. एका अभ्यासातला आकडा घ्यायचा आणि दुसऱ्या पद्धतीची सोय सांगायची, हे बरोबर नाही.

आता त्या आकड्याकडे वळतो, कारण सगळा मजकूर त्याच्यावरच उभा आहे. 2015 साली अमेरिकेत 200 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि त्यात मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 24.9 महिने आले. त्यांपैकी 50 जणांची गाठ काढण्याचे ऑपरेशनही झाले होते आणि सुई फक्त कडांवर वापरली होती. सर्वांनी आधी केमोथेरपी घेतली होती. म्हणजे ‘केमोशिवाय’ हा दावा त्याच्या स्वतःच्याच आधाराने खोडला जातो. तुलना केली होती ती जुन्या नोंदींतील रुग्णांशी. इथेच खरी गोम आहे. तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांना आधी काही महिने केमो दिली, की त्या काळात काहींचा रोग पसरतो, काहींची तब्येत ढासळते आणि ते बाजूला पडतात. जे चाळणीवर उरतात त्यांनाच सुई दिली जाते. असे रुग्ण सुईशिवायही इतरांपेक्षा जास्त जगले असते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, याच स्टेजमध्ये फोल्फिरिनॉक्स ही चार औषधांची केमो घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान 24.2 महिने आले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की ‘दुप्पट’ कशाच्या दुप्पट, असा प्रश्न पडतो.

मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू केली, हेही पाहावे लागते. वर उल्लेखिलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात मध्यक आयुर्मान निदानापासून मोजले तर 17 महिने, आणि सुईच्या दिवसापासून मोजले तर 10. दोन्ही आकडे त्याच रुग्णांचे आहेत.

अशा शंका मिटवायच्या तर रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तुलना करावी लागते. तशी ‘क्रॉसफायर’ ही चाचणी नेदरलँड्समध्ये झाली आणि तिचा निकाल 2024 साली प्रसिद्ध झाला. केमो घेतलेल्या 68 रुग्णांपैकी 34 जणांना विजेची सुई दिली आणि 34 जणांना एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली नेमके, मोठ्या मात्रेचे रेडिएशन. सुईच्या गटात मध्यक आयुर्मान 12.5 महिने आले आणि रेडिएशनच्या गटात 16.1. हा फरक योगायोगानेही पडलेला असू शकतो, म्हणून रेडिएशन श्रेष्ठ ठरले असे म्हणता येत नाही. पण सुई श्रेष्ठ ठरण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. अर्थात केवळ केमोशी तुलना या चाचणीने केली नाही, आणि म्हणून सुई निरुपयोगी आहे असाही निष्कर्ष मी काढणार नाही. काही निवडक रुग्णांना, अनुभवी हातांत, तिचा उपयोग होत असेल. मात्र जमीन विकायला सांगण्याइतका पुरावा हा नव्हे.

अमेरिकेच्या मान्यतेबद्दल थोडक्यात. 2008 साली तिथल्या औषध प्रशासनाने हे यंत्र मऊ ऊती नष्ट करण्याचे साधन म्हणून विकायला परवानगी दिली. त्या परवानगीत कोणत्याही एका रोगाचे नाव नव्हते. स्वादुपिंडाचा कॅन्सर त्याने बरा होतो, असे त्या कागदात कुठेही म्हटलेले नाही.

राहिला ‘इकडचे डॉक्टर सांगत नाहीत’ हा आरोप. सीमाभागातल्या माणसाला असा आरोप चटकन पटतो, कारण इथल्या रुग्णाला तपासणीसाठी कोल्हापूर-मिरज, हुबळी, पुणे, बेंगळुरू अशा चारही दिशांना धावायची सवय झालेली आहे आणि खरे औषध नेहमी पुढच्या गावात असते असे वाटू लागते. पण जो डॉक्टर आधी केमो सुरू करतो, तो काही लपवत नसतो. सुई द्यायची की नाही हे केमोनंतरच्या स्कॅनवरूनच ठरते. दुसरे मत घ्यायचेच असेल, तर ते सुईसाठी घेण्याआधी ‘ऑपरेशन खरोखरच अशक्य आहे का’ या प्रश्नासाठी घ्यावे. ज्या केंद्रांत स्वादुपिंडाची ऑपरेशने नियमित होतात, तिथले सर्जन काही वेळा केमोनंतर वेगळा निर्णय देतात, आणि या रोगात दीर्घकाळ जगण्याची सर्वांत चांगली संधी अजूनही गाठ पूर्ण काढण्यातच आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी रुग्णाला गाडीत घालून मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात नेण्याची गरज नसते. स्कॅनची सीडी, बायोप्सीचा अहवाल आणि केमोची कागदपत्रे घेऊन घरातला एक माणूस गेला तरी बरेच काम होते, आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातील कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यामार्फत ऑनलाइन मतही मिळते.

कावीळ झालेल्या रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच विचारून ठेवावी. पित्तमार्ग मोकळा करण्यासाठी धातूचा स्टेंट (आत बसवायची छोटी नळी) बसवलेला असेल, तर तो विजेच्या सुईच्या मार्गात अडचण ठरतो आणि काही वेळा आधी काढावा किंवा बदलावा लागतो. म्हणून कावीळ तशीच ठेवावी असा याचा अर्थ मुळीच नाही. केमो सुरू होण्यासाठी ती उतरावीच लागते.

आणि वेदना. मजकुरात तिचा उल्लेखच नाही, पण घरात रात्री जागवते ती हीच. मॉर्फिनच्या गोळ्या, पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात दिले जाणारे इंजेक्शन, जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, नव्याने उद्भवलेल्या मधुमेहावर इन्सुलिन, या उपायांनी रुग्णाला खाता येते, झोपता येते आणि पुढची केमो सोसण्याइतकी ताकद राहते. सुईचा निर्णय काहीही होवो, हे पहिल्या आठवड्यापासून मागून घ्यावे.

पैशांबद्दल बोलायचे तर, बेळगाव जिल्ह्यातील बीपीएल कार्डधारकांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि 2023 साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. योजनेत ‘कॅन्सर’ आहे म्हणजे हा विशिष्ट उपचार आहे, असे गृहीत धरू नये. भरती होण्यापूर्वी रुग्णालयाकडून लेखी घ्यावे: या उपचाराचे पॅकेज योजनेत आहे की नाही, सुयांचा खर्च वेगळा किती, गुंतागुंत झाल्यास अतिदक्षता विभागाचा खर्च कोणाचा, आणि याच डॉक्टरांनी यकृतावर किंवा प्रोस्टेटवर नव्हे, तर स्वादुपिंडावर आजवर किती वेळा हे केले आहे.