पंधरा गुणांचा आजार

ब्रिटनमध्ये कायमचे स्थायिक झालेल्या आणि प्रकृतीने दगा दिल्यामुळे नोकरी गमावून बसलेल्या मराठी वाचकांसाठी हा सल्ला आहे. (व्हिसावर आलेल्यांनी आजारी पडण्याची घाई करू नये, त्यांना सरकारी मदत मिळणार नाही, हे व्हिसाच्या अटींतच लिहिलेले असते.) 'युनिव्हर्सल क्रेडिट' हा भत्ता घेणाऱ्या धडधाकट बेकाराने आठवड्याचे ३५ तासांपर्यंत काम शोधण्यात घालवावेत, अशी तेथील अपेक्षा असते. प्रकृतीच्या कारणावरून या अटीतून सुटका हवी असेल तर 'वर्क केपेबिलिटी असेसमेंट' नावाची, २००८ साली सुरू झालेली परीक्षा द्यावी लागते आणि तीत १५ गुण मिळवावे लागतात. आपल्याकडे औषधाला गुण येतो, येथे आजाराला येतात; आणि औषधाला गुण आला की आजाराचे तेवढे कापले जातात, हे सूत्र आधी पक्के ध्यानात ठेवावे.

आपला नेहमीचा डॉक्टर आपल्याला ओळखतो, या भ्रमात राहू नका. तो देतो त्या कागदाला पूर्वी 'सिक नोट' म्हणत. २०१० साली तिचे नाव 'फिट नोट' झाले, तेव्हाच शहाण्यांनी वारे ओळखायला हवे होते. निर्णय घेणार भत्ता देणाऱ्या सरकारी खात्यातला एक अधिकारी, आणि तोही कंत्राटदार कंपनीच्या परिचारिकेने किंवा फिजिओथेरपिस्टने तुम्हाला एकदाच पाहून केलेल्या अहवालावरून. तुमची वीस वर्षांची फाइल ज्याच्या कपाटात आहे त्या माणसाचे मत पुरावा म्हणून जरूर जोडावे. जोडायला काहीच हरकत नसते.

अर्ज भरताना आजाराचे नाव सांगून रडगाणे गाऊ नका. नावाला गुण नाहीत. कोटाच्या वरच्या खिशात काही ठेवायला उचलतो तेवढासुद्धा एकही हात उचलता येत नसेल तर १५ गुण. टोपी घालण्याइतका डोक्यापर्यंत जात नसेल तर ९. डोक्यावरच्या फळीपर्यंत पोहोचत नसेल तर ६. भरलेला अर्ध्या लिटरचा खोका हलवता येत नसेल तर १५, एक लिटरचा येत नसेल तर ९, आणि मोठे पण रिकामे खोके नेता येत नसेल तर ६. एकाच सदरातील गुणांची बेरीज होत नाही, निरनिराळ्या सदरांतील होते; त्यामुळे टोपीचे ९ आणि रिकाम्या खोक्याचे ६ असा मेळ ज्याला जमला तो सुटला. आठवड्यातून एकदा शुद्ध हरपणाऱ्याला १५ आणि महिन्यातून एकदा हरपणाऱ्याला ६ गुण आहेत, तेव्हा ज्याची शुद्ध पंधरवड्याने हरपते त्याने आपल्या मेंदूला थोडी शिस्त लावावी. चालता येत नाही, असेही कृपा करून लिहू नका. कोणी चालायला सांगितलेले नाही. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत जाता आले तरी ते चालते, आणि ती खुर्ची तुमच्या घरी असलीच पाहिजे असेही नाही. ती वाजवीपणे वापरता आली असती, एवढे पुरते.

प्रत्यक्ष तपासणीच्या दिवशी मात्र आईवडिलांनी लावलेले सगळे वळण घरी ठेवून जावे. परीक्षा बाहेरच्या खुर्चीतच सुरू झालेली असते: तुम्ही कसे बसलात, कसे उठलात, कोट कोणत्या हाताने काढलात, हे सारे टिपले जाते. स्वच्छ कपडे, विंचरलेले केस आणि वेळेवर हजेरी या तिन्ही गोष्टी माणसाचे बरे चालले आहे असे सुचवतात. "कसे आहात?" या प्रश्नाला "ठीक आहे" म्हणण्याची आपली पिढीजात खोड तर फारच महाग पडते, कारण ती दोन शब्दांची सभ्यता अहवालात उतरते आणि खाली सही होते. कळ दाबून हसण्याला आपल्याकडे सोशिकपणा म्हणतात. तेथे त्याला शून्य म्हणतात.

तपासणीच्या खोलीपर्यंत पोहोचता येईलच, असेही गृहीत धरू नये. नॉर्विच शहरातील केंद्र दुसऱ्या मजल्यावर होते आणि आग लागल्यास लिफ्ट बंद राहणार म्हणून चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या लोकांना परत पाठवले जात असे. तपासणीचे तेव्हाचे कंत्राट 'अ‍ॅटॉस' कंपनीकडे होते. हीच कंपनी २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकची प्रायोजक होती, आणि त्यावर अपंगांनी मोर्चे काढले, यात त्यांचीच चूक होती: अपंग माणूस काय काय करू शकतो याची एवढी खात्री दुसऱ्या कोणत्या कंपनीला असणार? 'कामास योग्य' ठरून भत्ता थांबलेल्यांपैकी २,३८० माणसे डिसेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात मरण पावली, असे खुद्द खात्याने २०१५ साली जाहीर केले. या आकड्यांवरून निकालाचा मृत्यूशी संबंध जोडू नये, असेही खात्याने बजावले. तेही खरेच, कामास योग्य असलेली माणसेसुद्धा मरतातच.

नापास झालात तर आधी खात्यालाच फेरविचाराची विनंती करावी, म्हणजे तेच उत्तर अधिक सावकाश मिळते. मग न्यायाधिकरणाकडे जावे. तेथे अपील करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक जिंकतात, ही गोष्ट मात्र कोणाला सांगू नका, कारण कागद जमवून, महिनोन्‌महिने थांबून, न खचता लढण्याची ताकद असलेला माणूस आजारी कसा, असा प्रश्न उद्या एखाद्या मंत्र्याला पडायचा.

जिंकल्यावरही निर्धास्त राहू नये. काही काळाने दाराच्या फटीतून फेरतपासणीचा तपकिरी लिफाफा पुन्हा आत पडेल. पायपुसण्यावर पडलेला तो लिफाफा वाकून उचलता येत नसेल तर ते अर्जात लिहिण्याचे कष्ट घेऊ नका; वाकण्याचे गुण २०११ सालीच रद्द झालेले आहेत.