'गलोर' मुळात आयरिश आहे, हे शिकवायला हवं

दिवाळीच्या तोंडावर इंग्रजी पेपरात 'ऑफर्स गलोर', 'डिस्काउंट्स गलोर' अशा जाहिराती हमखास दिसतात. अर्थ आपल्याला ठाऊक आहे: भरपूर, रग्गड, मायंदाळ. पण हा शब्द नामाच्या आधी न येता नंतर का येतो, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

तो मुळात आयरिश भाषेतला. 'गो लोर' म्हणजे पुरेसं, भरपूर. 'आरिगद गो लोर' म्हणजे बक्कळ पैसा. पैसा आधी, बक्कळ नंतर. स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही तो आहे. सतराव्या शतकात इंग्रजीने तो घेतला, तो वाक्यातल्या जागेसकट. यातल्या 'लोर'वर आयरिशमध्ये एक सुरेख म्हण आहे, 'इस लोर नॉड डन ओलख', जाणत्याला खूण पुरे. आपल्या 'शहाण्याला शब्दाचा मार'ची सख्खी बहीणच!

ज्यांचा हा शब्द, त्यांचं पुढे काय झालं ते वाचून मात्र जीव कळवळतो. 1831 नंतर आयर्लंडमध्ये सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजी माध्यमाच्या. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात दोरीने एक काठी अडकवत. पोर आयरिश बोललं की तिच्यावर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या आणि तेवढे फटके. कित्येक घरांत आईबापच खाचा पाडत, कारण पोटापाण्याला इंग्रजीच लागणार हे त्यांना दिसत होतं. त्यांना दोष देणं मला जमत नाही.

मग 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. सर्वांत जास्त होरपळला तो पश्चिम आणि दक्षिण भाग, आणि आयरिश बोलणारे तिथेच जास्त होते.

आज आयरिश ही देशाची पहिली राजभाषा आहे, 2007 पासून युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. 2022च्या जनगणनेत जवळपास 19 लाख लोकांनी ती येते असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र 72 हजारांच्या आसपास.

इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, 'गलोर'चा अर्थ फळ्यावर लिहाल तेव्हा शेजारी 'आयरिश' असंही लिहा, आणि पाच मिनिटं काढून त्या काठीबद्दल मुलांना सांगा.